संदर्भ-डिस्कमध्ये काय घालावं? बडोद्याहून, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजारात संध्याकाळी आम्ही मराठी मंडळींसाठी कॉम्प्युटरचा एक छोटा वर्ग चालवतो. येणाऱ्यांत निवृत्त शिक्षक आहेत, वकील आहेत, नातवंडांचा जुना लॅपटॉप वारशाने मिळालेले आजी-आजोबा आहेत, आणि सुट्टीत शाळकरी मुलंही असतात. त्यांच्यासाठी आम्ही तिघं-चौघं मिळून संदर्भाच्या डीव्हीडी तयार करतो. दर नव्या तुकडीला तेच प्रश्न पडतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे.

संदर्भ-डिस्क म्हणजे नेमकं काय?

जे साहित्य आपण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कधी वाचत नाही, पण अडलं की हमखास उघडतो, ते सगळं एका डिस्कवर: शब्दकोश, ज्ञानकोश, प्रिंटरचं मॅन्युअल, फॉन्ट, नकाशे, बिघडलेला कॉम्प्युटर चालू करायची साधनं. अट एकच, की ते इंटरनेटशिवाय उघडलं पाहिजे. गाणी आणि लग्नाचे फोटो यांची डिस्क वेगळी करा. ती या कामाची नाही.

बडोद्याला ही कल्पना परकी नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, तेव्हा त्यात फिरती ग्रंथालयंही होती. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव जायच्या. डिस्क भरायला बसलो की माझ्या डोळ्यांसमोर तीच पेटी असते. पेटी जिथे पोचेल तिथे समजावून सांगायला आपण नसणार. उघडणाऱ्याला जे जे लागेल ते आतच हवं. पुढची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीतूनच येतात.

सगळं नेटवर मिळतं, पेनड्राइव्ह स्वस्त आहेत. मग डिस्क कशाला?

एक अनुभव सांगते. रावपुऱ्यातल्या एका वकीलकाकांचा लेझर प्रिंटर ठणठणीत होता, पण कॉम्प्युटर नवा घेतला आणि प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला तो प्रिंटर चालवता यावा यासाठीचा छोटा प्रोग्रॅम, मिळेना. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं पानच राहिलं नव्हतं. भलत्याच साइटींवर ‘डाउनलोड’ची मोठमोठी हिरवी बटणं होती, आणि त्यातलं एक दाबून काकांनी आणखी तीन नको ते प्रोग्रॅम बसवून घेतले होते. शेवटी ड्रायव्हर सापडला आमच्याच काही वर्षांपूर्वीच्या डिस्कवर. कोणीतरी तो सहज टाकून ठेवला होता. प्रिंटर अजून चालतो.

पेनड्राइव्हचं म्हणाल, तर तो ने-आण करायला उत्तम. पण वर्गातल्या पाच मशीनना लावून आलेला पेनड्राइव्ह काय घेऊन आला असेल, सांगता येत नाही. त्यावरची फाइल चुकून पुसली जाते, बदलली जाते. शिवाय फ्लॅश मेमरीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिली तर तो भार झिरपत जातो. एकदा लिहून बंद केलेल्या डीव्हीडी-आरवर मात्र नंतर व्हायरस शिरत नाही आणि कोणी काही पुसू शकत नाही. शाळेच्या लॅबमध्ये द्यायला हा गुण लाखमोलाचा आहे.

तरीही, एखाद्या गोष्टीची जगातली एकमेव प्रत डिस्कवर ठेवू नका. हार्ड डिस्कवर एक, डिस्कवर एक, आणि शक्य असेल तर दुसऱ्या घरी एक.

सुरुवात कुठून करू? नेटवर तर अथांग साहित्य आहे.

डाउनलोडपासून सुरुवात करू नका. एक साधी वही घ्या आणि पंधरा दिवस जे जे शोधायची वेळ येते ते लिहा. ‘एक्सेलमध्ये तारीख उलटी का दिसते’, ‘गुंठा म्हणजे किती चौरस फूट’, ‘मोडेममधला लाल दिवा’, ‘अधिक महिना कधी’. वहीत जे दोनदा आलं ते डिस्कवर जायला पात्र. आमची पहिली डिस्क आम्ही वहीशिवाय केली होती. पूर्ण भरली, आणि वर्षभरात तिच्यातल्या चार फोल्डरांपलीकडे कोणी गेलं नाही.

मराठी शब्दकोश कोणते घालावेत?

या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण मराठी वाचणाऱ्याला डिस्कचा खरा उपयोग इथेच होतो.

पहिला मान मोल्सवर्थचा. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला आणि सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. हक्क केव्हाच संपले आहेत, त्यामुळे निश्चिंतपणे वाटता येतो. गावाकडचे, शेतीचे, भांड्याकुंड्यांचे, जुन्या कागदपत्रांतले शब्द त्यात जसे सापडतात तसे आजच्या छोट्या कोशांत सापडत नाहीत. घरात आजोबांच्या वेळची खरेदीखतं, पत्रं असतील तर हा कोश हाताशी हवाच.

पण त्यात शोधायची एक खुबी आहे, आणि ती डिस्कवरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मोल्सवर्थ जुन्या लेखनपद्धतीचा आहे. तुम्ही ‘करणे’ टाइप केलंत तर काही मिळणार नाही. ‘करणें’ असं शेवटी अनुस्वार देऊन शोधावं लागतं. आजचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ नंतरचे. तोवर छापलेल्या पुस्तकांत असे अनुस्वार असतातच. वर्गातल्या एका ताईंनी ‘कोशात साधा ‘जाणे’सुद्धा नाही’ म्हणून तो बंद करून ठेवला होता. अनुस्वार दाखवला आणि त्या तासभर त्यातून उठल्या नाहीत.

दुसरा, दाते-कर्वे यांचा सात विभागांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, १९३२ ते १९३८ या काळात निघालेला. अर्थ मराठीतून, म्हणी आणि वाक्प्रचारांसकट. घरच्या डिस्कवर स्कॅन ठेवायचा तर विभागवार वेगळ्या फाइली करा आणि फाइलीच्या नावात पहिला आणि शेवटचा शब्द घाला, म्हणजे कुठली उघडायची ते न उघडता कळतं.

तिसरा खास आपल्या गावचा. ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा बडोदे संस्थानाने १९३१ साली छापलेला राज्यकारभाराचा कोश. इंग्रजी शब्द आणि त्याला गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द शेजारी शेजारी. सरकारी अर्ज गुजरातीतून भरायचा आणि विचार मराठीतून करायचा, ही आपली रोजची कसरत. त्यासाठी असं पुस्तक नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी इथेच तयार झालं होतं, हे आपल्या मुलांना ठाऊक असायला हवं.

आणि ज्ञानकोश?

श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’, २३ खंडांचा, १९२० च्या दशकातला. इतिहास, गावं, जाती-जमाती, जुने ग्रंथ यांसाठी अजूनही उघडावा असा. मात्र वैद्यक, विज्ञान, लोकसंख्या यांसाठी उघडू नका. माहिती शंभर वर्षांपूर्वीची आहे. फोल्डरच्या नावातच ‘१९२०चं दशक’ घालून ठेवा, नाहीतर मुलं त्यातले आकडे प्रकल्पात उतरवतात.

वाईच्या मंडळाचा ‘मराठी विश्वकोश’ नेटवर मोफत वाचता येतो, पण मोफत वाचायला मिळणं आणि वाटायला परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी. वाटायच्या डिस्कवर तो आम्ही घालत नाही, पत्ता देतो.

मराठी विकिपीडिया अख्खा डिस्कवर मावतो?

चित्रांशिवायचा सहज मावतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. इंग्रजीच्या मानाने लहान आहे आणि इथे तीच गोष्ट पथ्यावर पडते. ‘किविक्स’ नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. त्याच्या साइटवरून ‘झिम’ नावाच्या एकाच फाइलीत पूर्ण विकिपीडिया मिळतो. डिस्कवर ती फाइल आणि किविक्सचा विंडोजसाठीचा प्रोग्रॅम, दोन्ही ठेवा. फाइल आधीच दाबून लहान केलेली असते, पुन्हा झिप करून काही वाचत नाही.

डिस्कवरूनच उघडलंत तर ड्राइव्ह घरघरत राहतो आणि पान यायला वेळ लागतो. आधी हार्ड डिस्कवर कॉपी करा, मग वापरा. आणि विकिपीडियाचा परवाना म्हणतो की श्रेय द्या आणि त्याच अटींवर पुढे जाऊ द्या. तसं एक ओळीचं टिपण डिस्कवर असू द्या.

खास कॉम्प्युटर वापरणाऱ्यांसाठी काय घालावं?

आपापल्या घरच्या यंत्रांची मॅन्युअलं आणि ड्रायव्हर. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि सगळ्यात उपयोगी. प्रिंटर, स्कॅनर, राऊटर, मदरबोर्ड, यूपीएस, प्रत्येकाच्या मागच्या किंवा तळच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढा, त्यावरचा मॉडेल नंबर नेमका बघा आणि कंपनीच्या साइटवरून पीडीएफ उतरवून घ्या. फोल्डरला कंपनीचं नाव देऊ नका. ‘बैठकीतला प्रिंटर’ असं नाव द्या. चार वर्षांनी घरातल्या कोणालाही तेच कळतं. ड्रायव्हर कंपनीच्या मालकीचे असतात, म्हणून ही डिस्क घरापुरती.

मग मोफत वाटता येणारे प्रोग्रॅम: लिब्रेऑफिस, व्हीएलसी, सेव्हन-झिप, एक साधा पीडीएफ वाचक. यांच्या इन्स्टॉल करायच्या फाइली अशा घ्या की ज्या बसवताना नेट मागत नाहीत. काही इन्स्टॉलर आकाराने अगदी लहान असतात आणि बाकीचं नेटवरून ओढतात. डिस्कवर त्यांचा काही उपयोग नाही. वायफाय बंद करून एकदा बसवून बघितल्याशिवाय कुठलाही प्रोग्रॅम आम्ही डिस्कवर घेत नाही.

तिसरी गोष्ट, कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तेव्हासाठी लिनक्स या मोफत प्रणालीची लाइव्ह डिस्क, म्हणजे हार्ड डिस्कला हात न लावता थेट डिस्कवरून चालणारी. क्नॉपिक्स या लिनक्सने २००० सालापासून हा प्रकार लोकप्रिय केला. विंडोज कोसळलं तरी तिच्यावरून मशीन सुरू करून मुलांचे फोटो आणि कामाच्या फाइली बाहेर काढता येतात. ही वेगळ्या डिस्कवरच हवी, कारण ती फाइल म्हणून कॉपी न करता ‘इमेज’ म्हणून, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल म्हणून, बर्न करावी (डिस्कवर लिहावी) लागते. आणि आकार बघून निवडा: उबुंटू या लिनक्सची हल्लीची डेस्कटॉप आवृत्ती साध्या डीव्हीडीवर मावत नाही. २००५ ते २०११ या काळात उबुंटूच्या सीडी मागितल्या की टपालाने घरपोच फुकट यायच्या, आमच्यातल्या एकाकडे ते पाकीट अजून जपून ठेवलेलं आहे. तेव्हा पूर्ण प्रणाली ७०० एमबीत बसायची.

इंग्रजी वाचणाऱ्यांना, हक्क संपलेली पुस्तकं मोफत देणाऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्गची पुस्तकंही घेता येतील. त्यांनी स्वतःच २००३ साली ६०० पुस्तकांची सीडी काढली होती.

काय घालू नये?

जे दर काही महिन्यांनी बदलतं ते. आयकराचे दर, सरकारी अर्जांचे नमुने, रेल्वेची वेळापत्रकं, अँटिव्हायरसची यादी. डिस्कवरचा जुना अर्ज भरून माणूस रांगेत उभा राहतो आणि खिडकीवरून परत येतो. त्याची अर्धी सकाळ आपल्यामुळे जाते. पासवर्डची यादी तर कधीच नको.

फाइल उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. असं का?

कारण ती फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत, नाही. जुन्या काळी शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टांत टाइप करायचे. त्यांची युक्ती अशी होती की कॉम्प्युटर समजे ‘इंग्रजी अक्षर आहे’, आणि फॉन्ट त्या जागी देवनागरीचं चित्र दाखवे. फॉन्ट गेला की खाली उरतं ते इंग्रजी अक्षर. मजकूर नष्ट झालेला नसतो, पण तो नेमका कुठल्या फॉन्टात होता हे कळल्याशिवाय वाचता येत नाही. बहुतेक लोक इथेच हार मानतात आणि फाइल पुसून टाकतात. कृपा करून पुसू नका.

वर्गातल्या एका काकांनी वडिलांच्या आठवणी २००१ च्या सुमारास एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून सीडीवर घेतल्या होत्या. सीडी उत्तम वाचली गेली, फाइल उघडली, आणि पडद्यावर नुसते कंस, डॉलर आणि इंग्रजी अक्षरं. डीटीपीवाला दुकान बंद करून गेलेला. फाइलीचे गुणधर्म बघितले, वर्डच्या फॉन्टच्या चौकटीत फॉन्टचं नाव अजून लिहिलेलं होतं. त्या नावाचा फॉन्ट मिळवून बसवला आणि पहिलं वाक्य उमटलं, तेव्हा काका चष्मा काढून बराच वेळ नुसते बसून राहिले. मग परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणला, आणि जोडाक्षरं व रफार हाताने तपासले. परिवर्तक तिथेच सगळ्यात जास्त चुकतात.

म्हणून तुमच्या डिस्कवर सगळा मजकूर युनिकोडमध्ये हवा, आणि शिवाय एक फॉन्ट हवाच. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी घ्या. दोन्हींचा परवाना वाटायला मोकळीक देतो. पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवलेला आहे ना ते बघा. ‘पीडीएफ/ए’ हा प्रकार जपून ठेवण्यासाठीच केलेला आहे आणि त्यात फॉन्ट आत असणं सक्तीचं आहे. लिब्रेऑफिसमध्ये पीडीएफ काढताना त्याची खूण करायला जागा आहे.

स्कॅन केलेल्या पुस्तकात शब्द शोधता येत नाही.

कारण ती चित्रं आहेत. टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्रॅम मराठी छापील मजकूर ओळखतो. जुन्या शिळाछापाच्या पुस्तकांवर त्याचा निभाव लागत नाही. १९५० नंतरच्या स्वच्छ छपाईवर बरं काम करतो. सगळं पुस्तक तपासणं शक्य नसेल तर निदान अनुक्रमणिका हाताने टाइप करून पानांचे आकडे द्या. दोन तासांचं काम आहे आणि पुस्तक वापरात येतं.

फाइलींची नावं मराठीत द्यावीत का?

द्या, पण आखूड. कॉम्प्युटर मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजतो. ‘महाराष्ट्र’ आपल्याला चार अक्षरांचा दिसतो. कॉम्प्युटरला तो दहा. म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. डिस्क लिहिताना ‘जोलिएट’ पद्धत निवडलेली असेल तर नावाला ६४ चिन्हांची मर्यादा असते, आणि लांब मराठी नावं शेवटी तोडली जातात. ‘यूडीएफ’ पद्धतीत देवनागरी नावाला जवळजवळ दुप्पट जागा मिळते. आम्ही यूडीएफ वापरतो आणि तरी नाव वीस-पंचवीस चिन्हांत बसवतो. जुन्या आयएसओ पद्धतीत सहसा ४ जीबीहून मोठी एकच फाइलही बसत नाही, तिथेही यूडीएफच कामी येते.

हक्कांचं काय? कुठली पुस्तकं वाटता येतात?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढल्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११ च्या सुरुवातीला मोकळं झालं. केतकर १९३७ साली गेले. हा हिशेब प्रत्येक पुस्तकासाठी करा आणि वहीत लिहा. संपादक, अनुवादक, प्रस्तावना लिहिणारे यांचे हक्क वेगळे असतात. मूळ लेखन मोकळं असलं तरी कालपरवाची प्रस्तावना मोकळी नसते. दोघांनी मिळून लिहिलेलं असेल तर जो नंतर गेला त्याचं साल धरायचं.

शाळेची पुस्तकं सरकारी साइटींवर पीडीएफमध्ये मिळतात. आपल्या मुलासाठी उतरवून डिस्कवर ठेवा, पण वाटू नका.

सीडी, डीव्हीडी की ब्लू-रे?

डीव्हीडी. सीडीवर ७०० एमबी मावतात, डीव्हीडीवर ४.७ जीबी, एका थराच्या ब्लू-रेवर २५ जीबी. ब्लू-रेचे ड्राइव्ह आपल्याकडे घरोघरी कधी आलेच नाहीत, आणि सोनीने लिहिण्याजोग्या ब्लू-रे डिस्क बनवणं २०२५ च्या फेब्रुवारीत थांबवलं. घरात मोझर बेअरच्या कोऱ्या डिस्कांचा जुना डबा पडला असेल तर आधी एकीवर प्रयोग करून बघा. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीत निघाली, म्हणजे डबा निदान तेवढा जुना आहे.

डब्यावर ४.७ जीबी लिहिलंय आणि कॉम्प्युटर ४.३७ दाखवतो. फसवणूक आहे का?

नाही. कारखाना ४७० कोटी बाइट मोजतो. विंडोज त्याला १०२४ ने तीनदा भागतं, म्हणून ४.३७ येतात. तरी आम्ही साधारण ४ जीबीलाच थांबतो. लिखाण आतून बाहेर जातं, आणि बोटांचे ठसे, कडेचे ओरखडे, बनावटीतले दोष सगळे बाहेरच्या काठाला जास्त. तो काठ कोरा राहिलेला बरा.

डिस्क घातल्यावर माणसाला आधी काय दिसायला हवं?

एकच फाइल, नाव ‘इथून सुरुवात’. साधं वेब पान, कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडणारं. त्यात फोल्डरांची यादी, प्रत्येकापुढे एक ओळ, आणि दुवे. दुवे देताना ड्राइव्हचं अक्षर घालू नका. तुमच्याकडे ‘डी’ असलेला ड्राइव्ह दुसऱ्याकडे ‘ई’ असतो आणि सगळे दुवे मरतात. पानाच्या तळाशी तारीख आणि कोणी केली ते. शेजारी तेच सगळं साध्या टेक्स्ट फाइलीत. अक्षर मोठं ठेवा. आमच्या आजोबांनी पहिल्याच दिवशी ‘बाळ, हे मुंग्यांनी लिहिलंय का’ विचारलं, तेव्हापासून आम्ही ते दीडपट करतो.

बर्न करताना कशाची काळजी घ्यावी?

डीव्हीडी ४ किंवा ८ च्या वेगाने लिहा, सगळ्यात जास्त वेगाने नको. एका बैठकीत पूर्ण लिहा आणि ‘फायनलाइज’ (पुढे काही लिहिता येणार नाही अशी बंद) करा, नाहीतर दुसऱ्यांच्या मशीनवर ती कोरी दिसू शकते. ‘व्हेरिफाय’ची, म्हणजे लिहिलेलं परत वाचून ताडून बघण्याची, खूण कधी काढू नका. आणि मग ती डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरमध्ये घालून चार फाइली उघडून बघा. लिहिणारा ड्राइव्ह स्वतःचं लिखाण समजून घेतो; परका ड्राइव्ह घेतो का, ते महत्त्वाचं.

वेळ असेल तर डिस्क लिहिण्याआधी दोन गोष्टी आणखी करा. सगळ्या फाइलींचे एसएचए-२५६ ठसे काढून एका टेक्स्ट फाइलीत ठेवा. प्रत्येक फाइलीचा ६४ अंकाक्षरांचा ठसा असतो आणि एक बिट बदलला तरी तो पूर्ण बदलतो. आणि डीव्हीडीझास्टर या प्रोग्रॅमने उरलेल्या जागेत दुरुस्तीची माहिती भरा. मग डिस्कचा थोडा भाग खराब झाला तरी मजकूर परत उभा करता येतो.

वर नाव कशाने लिहावं?

डिस्कसाठी मिळणाऱ्या पाण्याच्या शाईच्या मऊ पेनने. बॉलपेन नको, चिकट कागदी लेबल तर मुळीच नको. लोक चमकती बाजू जपतात आणि छापील बाजू टेबलावर घासतात, पण सीडीत माहितीचा थर त्या छापील बाजूच्या लगेच खाली असतो, वर फक्त लाखेचा पातळ पापुद्रा. चमकत्या बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिक आहे. सीडी दिव्यासमोर धरून बघा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला थर गेलेला आहे. डीव्हीडीत माहिती दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असते, ती त्या मानाने सुरक्षित.

बडोद्यात डिस्क ठेवायची कुठे? इथे उन्हाळा असा, पावसाळा असा.

उभी, कडक डबीत, आतल्या खोलीतल्या कपाटात, आणि जमिनीपासून वर. खिडकीशी नको, लिहिण्याजोग्या डिस्कमधला रंग उन्हाने उडतो. माळ्यावर पत्र्याखाली नको. थंड, कोरडी आणि अंधारी जागा, बस्स. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दिवाळीत बदला.

‘जमिनीपासून वर’ हे अनुभवाचे बोल आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शिरलं तेव्हा आमचा एक खोका खालच्या फळीवर होता. पाणी ओसरल्यावर डब्या उघडल्या तर आत पिठासारखा बारीक गाळ. पुसायची घाई केली असती तर त्या गाळाने सगळ्या ओरखडल्या असत्या. नळाच्या संथ धारेखाली एकेक धरली, गाळ आपोआप वाहू दिला, मग डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ताटाळ्यात उभ्या वाळवल्या. पुसायची वेळ आली तेव्हा मऊ सुती कापडाने मधून काठाकडे सरळ, गोल कधीच नाही. डीव्हीडी जवळजवळ सगळ्या वाचल्या. ज्या सीडींवर कागदी लेबलं होती त्यांचा कागद फुगला, सोलला आणि सोबत चंदेरी थर घेऊन निघाला. त्यातल्या दोन माझ्या हाताने लेबल लावलेल्या होत्या.

किती वर्षं टिकेल?

चांगली डिस्क, नीट लिहिलेली, नीट ठेवलेली, ती बरीच वर्षं वाचता येते. हलकी डिस्क उन्हात पडली तर दोन वर्षांतही जाते. आमचा नियम: दर दोन वर्षांनी दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक डिस्क घालून ठसे तपासायचे, आणि कुरकुरली की लगेच नवी प्रत. शतकांची हमी सांगणाऱ्या एम-डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाऐवजी दगडासारखा थर असतो. घरच्या दुर्मीळ कागदपत्रांसाठी घ्यायला हरकत नाही, पण तिला लिहिणारा ड्राइव्ह त्या प्रकारचा लागतो.

माझ्या लॅपटॉपला डिस्कची जागाच नाही.

यूएसबीला लावायचा बाहेरचा डीव्हीडी रायटर मिळतो. दोन-तीन घरांत मिळून एक पुरतो. जुन्या लॅपटॉपवर तो मध्येच बंद पडत असेल तर वीज कमी पडते आहे. दोन टोकांची केबल वापरा किंवा दुसऱ्या पोर्टला लावा.

जुनी डिस्क वाचली जात नाही. टाकून देऊ?

आधी तीन-चार वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. जुने डेस्कटॉप ड्राइव्ह पुष्कळदा नव्या सडपातळ ड्राइव्हपेक्षा जास्त वाचतात. डिस्क साध्या पाण्याने धुऊन वाळवा. तरी अडली तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम चालवा. तो जे वाचता येतं ते आधी काढून घेतो आणि अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा येतो, नोंद ठेवत. शिवाय तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून राहिलेले तुकडे तिथून भरता येतात. आम्ही एक सीडी अशी तीन ड्राइव्हमधून चार रात्रींत पूर्ण काढली. तोवर खरवडणं, टूथपेस्ट, पॉलिश असं काही करू नका, आणि डिस्क संध्याकाळी वर्गात घेऊन या.